हृतिकची कावीळ

राई गावात कावीळ हा अब्रूदार आजार समजला जातो. कावीळ पाण्यातून येते, म्हणजे दोष पाण्याचा. माणसाचा नाही आणि त्याच्या घराण्याचा तर नाहीच नाही. मूळव्याधीचं तसं नसतं, तिची चौकशी फार होते. म्हणून त्या दिवशी मीरा रोडच्या एका इमारतीतून बाहेर पडताना गावचा बबन समोर उभा ठाकला आणि "काय परशुरामशेठ, इकडं कुठं?" म्हणाला, तेव्हा परशुराम पाटलाने आधी मागच्या बोर्डाकडे पाहून घेतलं. बोर्डावर पहिल्या मजल्याला दात होते, दुसऱ्याला मूळव्याध आणि तिसऱ्याला मन. तिन्हींचा नीट विचार करून तो म्हणाला,

"पोराला कावीळ झालीय."

कावीळ बोर्डावर कुठेच नव्हती. पण बबन वाचणाऱ्यांतला नव्हता, सांगणाऱ्यांतला होता.

पोरगा बाजूलाच उभा होता. हृतिक. वय सव्वीस. हाटकेशला स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात सुपरवायझर होता, तो दिवाळीनंतर जाईनासा झाला. वरच्या मजल्यावरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. रात्रभर जागा, दिवसभर सुन्न. रडत नव्हता, भांडत नव्हता, पीत नव्हता. पीत असता तर परशुरामला समजलं असतं. गावात त्याचा सराव होता. घर तीन मजली, खोलीखोलीत एसी, जिन्याला ग्रॅनाइट. आजोबांनी मिठागरात पाय कुजवले, बापाने भातशेती केली आणि परशुरामने ती जमीन बिल्डरला देऊन हे घर उभं केलं. ह्या घरात मन दुखायला जागाच कुठे होती? "तुला कमी काय आहे?" हा प्रश्न त्याने पोराला प्रेमाने विचारला होता, ओरडून विचारला होता, एकदा तर पाहुण्यांसमोर हसत हसतही विचारला होता. हृतिक दर वेळी एकच सांगायचा, "काहीच नाही, बाबा." उत्तर खरं होतं. आजारही तोच होता. पण परशुरामला त्यात फक्त उद्धटपणा ऐकू यायचा.

मग एके दिवशी जिजाबाईने पोराला गच्चीच्या कठड्याशी उभं पाहिलं. खाडीकडे तोंड होतं, पण तो खाडी बघत नव्हता. त्याला हाताला धरून तिने खाली आणलं आणि नवऱ्याला म्हणाली, "अवो, उद्या डॉक्टर. तुम्ही न्हाय आयलात तर मी नेते." त्यावर परशुराम निघाला, तो रिक्षाने. स्वतःच्या गाडीच्या मागच्या काचेवर देवीखाली घराण्याचं नाव इतकं मोठं लिहिलेलं होतं, की ती उभी कुठे आहे हे विमानातूनही कळलं असतं.

डॉक्टर भाविका शहा वयाने हृतिकपेक्षा आठदहा वर्षांनीच मोठी असेल. तिने पोराशी तासभर बोलून घेतलं, बापाला बाहेर बसवून. मग आत बोलावलं.

"डिप्रेशन आहे, काका. उदासीचा आजार. गोळी चालू करते, छोटी. पण हा मध्येच सुन्न होऊन बघत बसतो बोलता ना, म्हणून पुढच्या आठवड्यात डोक्याचं रेकॉर्डिंग करून घेऊ. ईईजी. मेंदूतल्या लाटा कागदावर येतात. फिटचा प्रकार तर नाही ना ते कळेल, आणि कुठली गोळी ह्याला लागू पडेल त्याचा पण थोडा अंदाज येतो. मशीन सगळं सांगत नाही हां. मदत करतं."

"रेकॉर्डिंग म्हणजे... राहतं ते? कुणाला दिसतं?"

"मला दिसतं," डॉक्टर हसून म्हणाली. "दुसरं काही औषध, जडीबुटी चालू आहे?"

"नाही नाही. आम्ही शिकलेली माणसं आहोत."

हे त्या क्षणी खरं होतं. खोटं व्हायला खाली बबन भेटेपर्यंतचा वेळ लागला.

रिक्षा राईत पोचण्याआधी कावीळ पोचली होती. दारात महिपतदादा बसलेला होता, मांडीवर पिशवी घेऊन. महिपतदादा म्हणजे कावीळ उतरवणारा. चेण्यापासून उत्तनपर्यंतची माणसं रविवारी सकाळी त्याच्या ओट्यावर येतात. तो कसल्याशा मुळीचे तुकडे दोऱ्यात ओवून त्याची माळ करतो आणि रोग्याच्या डोक्यावर टोपीसारखी बसवतो. हळूहळू ती माळ आपोआप लांबते, कपाळावरून गळ्यात, गळ्यातून छातीवर, छातीवरून बेंबीपाशी येते. माळ उतरली की कावीळ उतरली. तुकडे वाळतात, बारीक होतात, दोरा सैल पडतो, असं कॉलेजात गेलेली पोरं सांगतात. तीच पोरं डोळे पिवळे झाले की ओट्यावर येऊन डोकं पुढे करतात.

महिपतने हृतिकच्या डोळ्याची पापणी खाली ओढली. "पिवला तर काय दिसत न्हाय फारसा."

"आतली हाय," परशुराम म्हणाला.

"आतली लय वाईट," महिपत एकदम खूश होऊन म्हणाला. त्याने माळ चढवली. "हाताने काढायची न्हाय. आपसूक उतरंल. तेल बंद, हलद बंद, म्हावरा बंद. आन् ही पुडी, दिवसाला तीन वेला. झोप लागते का पोराला?"

"रात्री डोळा लागत न्हाय त्याचा."

"मंग थोडा वाढवून देतो. कावीलवाल्यानं पडून ऱ्हावा लागतं."

ह्या सगळ्या प्रकरणात परशुरामने गावात सांगितलेली ही झोपेची एवढी एकच गोष्ट खरी होती. तीच पुढे नडली.

त्यानंतर घरात माणसांचा राबता सुरू झाला. कुणी उसाचा रस आणला, कुणी मुळ्याचा पाला, कुणी भाजलेले चणे. ज्या खोलीत महिनोन्महिने कुणी डोकावलं नव्हतं, तिथे बायका पलंगाच्या कडेला बसून आपापल्या नणंदांच्या काविळी सांगू लागल्या. हृतिक डोक्यावर माळ घेऊन ऐकायचा. जिजाबाई खाली बिनफोडणीचं वरण ढवळत नवऱ्याला म्हणायची, "पोराला झालाय काय, आन् तुम्ही त्याला चारताव काय! त्याच्या पुढ्यात बोंबलाचा तुकडा न्हाय इतके दिवस. चांगला मानूस उदास होईल."

"थोड्या दिवसांचा प्रश्न हाय गं. कावीळ उतरली की लोकांचं तोंड बंद."

"आन् पोराचं?"

 परशुराम उसाचा रस आणणाऱ्यांना दारापर्यंत सोडायला गेला.

रेकॉर्डिंगच्या दिवशी माळ गळ्यात आली होती. खोली लहान आणि थंड होती. मशीनवर साक्षी नावाची मुलगी होती. तिने हृतिकला खुर्चीत बसवलं, टेपने डोकं मोजलं, पेन्सिलीने खुणा केल्या आणि एकेका खुणेवर चिकट मलम लावून तिथे वायरी बसवल्या. वायरी रंगीबेरंगी होत्या. त्या कानामागून माळेत अडकू लागल्या.

"हे काढून ठेवा ना."

"काढायचं नाही," परशुराम दारातून म्हणाला.

"का? आहे काय ते?"

"देवाचं आहे."

साक्षीने वायरी माळेवरून घेतल्या. देवाचं म्हटलं की मुंबईच्या आसपास कुठलंही मशीन थोडं बाजूला सरकतं. परशुरामच्या मात्र तेव्हाच लक्षात आलं, की गावात मनाची कावीळ झाली आणि इथे काविळीचा देव. अजून दोनचार ठिकाणी जावं लागलं, तर पोराचं काय काय होईल ह्याचा नेम नव्हता.

"डोळे मिटा," साक्षी म्हणाली. "उघडा. मिटा. अहो, झोपू नका. हृतिक! झोपायचं नाहीये." हे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. पडद्यावर रेघा सरकत होत्या. परशुरामला त्या मिठागराच्या बांधावरून दिसणाऱ्या खाडीच्या पाण्यासारख्या वाटल्या, ओहोटीच्या वेळच्या. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं आणि तरी तो पडद्यासमोर पाठ करून उभा राहिला, बाहेरून जाणाऱ्याला दिसू नये म्हणून.

दोन दिवसांनी डॉक्टरने ते कागद टेबलावर पसरले. ह्या वेळी ती हसली नाही.

"काका, हा माणूस जागा आहे, डोळे उघडे आहेत, आणि लाटा बघा किती संथ. डिप्रेशनमध्ये असं येत नाही. फिट पण नाही. मला भीती वाटते, मेंदूला सूज वगैरे नाही ना. गोळी आजपासून थांबवू. ॲडमिट करावं लागेल, एमआरआय, आणि पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढून तपासावं लागेल." ती थांबली. "परत विचारते. दुसरं काही चालू आहे? काहीही?"

हृतिक खुर्चीत मान टाकून बसला होता. माळ छातीपर्यंत उतरली होती. त्याने डोळे वर करून बापाकडे पाहिलं. त्या नजरेत तक्रार नव्हती. बापाचं काय ठरलंय ते कळलं की आपण तसं वागू, असं काहीसं होतं तिच्यात.

"नाही," परशुराम म्हणाला.

जिना उतरताना मूळव्याधीच्या मजल्यावर हृतिक पायरीवरच बसला. भिंतीला डोकं टेकवून त्याने डोळे मिटले. परशुराम घाईघाईने म्हणाला, "ऊठ, लोकं येतात-जातात." हृतिकने डोळे न उघडताच हात पुढे केला.

"पुडी द्या ना, बाबा. दुपारची राहिली."

परशुरामचा हात सवयीने सदऱ्याच्या खिशात गेला. पुडी बोटांना लागली आणि तिथेच राहिली.

"तुला ठाऊक आहे ना, तुला कावीळ नाही ते?"

"हो."

"मग घेतोस कशाला?"

हृतिकला बोलायला वेळ लागायचा. शब्द दुसऱ्या मजल्यावरून तिसऱ्यावर चढत यावेत तसे आले.

"लोकांना कावीळ सांगताना तुम्ही ताठ उभे राहता. आधी घरी कुणी आलं की माझ्या खोलीचं दार लावून घ्यायचात. आता उघडं ठेवता." मग थोड्या वेळाने, "वाटलं, ही उतरली की तुम्हाला तरी बरं वाटेल."

परशुराम पाटील गावकीत पन्नास माणसांपुढे बोलायचा. त्या पायरीवर त्याने फक्त पुडी खिशात खोल सारली. मूळव्याधीच्या दारातून एक गृहस्थ बाहेर आले, दोघांकडे सहानुभूतीने पाहून खाली उतरले. त्यांचा काय समज झाला असेल तो होवो, असं परशुरामला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. तो पोराला तिथेच सोडून वर गेला.

"पूड चालू आहे," तो दारातूनच म्हणाला. "काविळीची. कावीळ नाहीये. मी गावात सांगितलं तसं."

डॉक्टर रागावली असती तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला परशुराम सवयीने उत्तर देऊ शकत असे. तिने फक्त चष्मा काढून डोळे चोळले.

"आत्तापासून बंद करा. काय आहे त्यात?"

"माहीत नाही."

"मग माहीत करून या, काका. आजच. त्यात झोपेचं काही असेल तर हे सगळं त्याचं असू शकतं. नसेल तर मला उद्या सकाळी सुई घालावी लागेल. तुमच्या पोराच्या पाठीत." ती 'तुमच्या' ह्या शब्दावर जरा जास्त वेळ थांबली.

पोराला डॉक्टरकडेच ठेवून परशुराम गावी आला. रविवार होता. महिपतच्या ओट्यावर रांग दुपारपर्यंत सरलेली नव्हती. एक बाई चारपाच वर्षांच्या पोराला मांडीवर घेऊन बसली होती; पोराचे डोळे खरोखरच हळदीसारखे होते. बबन होताच, तो आजारी नव्हता, पण रांगेला कुणीतरी लागतंच. परशुरामला पाहताच महिपतने हात उंचावला.

"ये परश्या! आत्ताच सांगत होतो ह्यांना. बघा, पाटलाच्या पोराची माल कवाची छातीवर आयली! आतली कावील, पार आतली!"

परशुराम त्याच्या कानाशी वाकला. "दादा, जरा आत चल. काम हाय."

"बोल की हितंच."

"पुडीत काय घालतोस?"

महिपतचा चेहरा बदलला. "गुरूनं दिलेली विद्या हाय. सांगितली तर गुन जातो."

"डॉक्टर विचारते."

"डॉक्टरला काविलीचं काय कलतं?"

"दादा, त्याला कावील..." परशुरामचा आवाज इतका खाली गेला, की महिपतने कान पुढे केला आणि ओट्यावरचे सगळे त्याच्यासोबत पुढे झुकले. "त्याला कावील न्हाय."

"काय?"

"कावील न्हाय त्याला!" आता तो ओरडलाच. "कधीच नव्हती. मी खोटा बोललो."

 पिवळ्या डोळ्यांच्या पोराची आई पोराच्या डोक्यावरच्या नव्या माळेकडे पाहू लागली. महिपतचे ओठ हलले, मग त्याने हळूच विचारलं,

"मंग माल कशी उतरली?"

ह्या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्याकडे होतं ते कॉलेजात गेले होते. परशुरामला कळलं, की आपली अब्रू वाचवायला आपण एका म्हाताऱ्याची वापरली आणि आता दोन्ही एकदम गेल्या.

"मंग झालाय काय त्याला?" बबनने विचारलं.

परशुरामने शब्द शोधला. डॉक्टरने इंग्रजी दिला होता, तो तोंडात बसेना. गावच्या बोलीत त्यासाठी काही होतं का, त्याला आठवेना. "त्याच्या मनाला बरा न्हाय. लय दिवस."

"म्हंजे वेडा?"

"वेडा न्हाय. आजारी हाय." आणि आपल्याच पोराची शरम वाटून आपणच त्याला आणखी आजारी केलं, हेही सांगायचं होतं. पण तो पुन्हा महिपतकडे वळला. "दादा, पुडीत काय ते सांग. न्हायतर उद्या त्याच्या पाठीत सुई घालतात. पाया पडतो."

आणि तो खरंच वाकला, गावकीचा माणूस, भर दुपारी. महिपतने पाय मागे घेतले. बराच वेळ तो पिशवीच्या तोंडाशी चाळा करत राहिला.

"खुरासानी ओवा," शेवटी तो म्हणाला. "चिमूटभर घालतो, मानूस पडून ऱ्हावा म्हनून. तुझ्या पोराला जास्त घातला." त्याने वर पाहिलं. "झोप न्हाय त्याला, असा तूच बोललास."

परशुरामने मान हलवली. तो उठला तेव्हा पिवळ्या डोळ्यांच्या पोराची आईही उठली होती. पोराला कडेवर घेऊन ती रिक्षाच्या दिशेने चालली होती. माळ तिने काढली नव्हती, पण पुडी ओट्यावरच ठेवली होती.

सुई घातली नाही. डॉक्टरने पोराला एका रात्रीपुरतं नजरेखाली ठेवलं, सगळं निवळू दिलं आणि काही दिवसांनी पुन्हा रेकॉर्डिंग केलं. हृतिक ह्या वेळी आपण होऊन शाम्पू लावून आला होता. साक्षीने वायरी लावताना त्याच्या रिकाम्या छातीकडे पाहिलं.

"आज देवाचं नाही आणलं?"

"देव उतरला," हृतिक म्हणाला.

साक्षी हसली. परशुराम हसला नाही. दिवाळीनंतर पोराने केलेला हा पहिला विनोद होता आणि तो आपल्यावर होता, हे समजायला त्याला थोडा वेळ लागला. समजल्यावर तो बाहेर जाऊन बाकड्यावर बसला आणि रुमालाने तोंड पुसत राहिला.

"लाटा आता बऱ्याच ठीक आहेत," डॉक्टर म्हणाली. "सूज नाही, फिट नाही. आपलीच गोळी परत चालू करू, डोस हळूहळू वाढवू. दोन महिन्यांनी परत बघू. बरं वाटायला वेळ लागेल, काका. तुम्हाला घाई नको."

परशुराम कागदावरच्या रेघा निरखत होता. "ह्यात दिसतं का... म्हणजे कोण खोटं बोललं ते?"

"नाही. फक्त झोपेचं औषध दिसतं."

तो कागद त्याने घडी न घालता घरी नेला.

घरी आता कुणी येत नव्हतं. काविळीला अख्खी आळी लोटली होती. ह्या आजाराला कुणी उसाचा रस आणत नाही. बायका दारावरून जाताना आवाज खाली आणायच्या, जसं आत कुणी झोपलंय. महिपतच्या ओट्यावर मात्र पुढच्या रविवारी रांग तेवढीच होती. पाटलाच्या पोराची कावीळ महिपतने इतकी साफ उतरवली, की ती कधी होती असं आता त्याचा बापही म्हणत नाही, असं बबन सांगत होता. महिपतने ते खोडलं नाही, पण परशुरामशी बोलणं टाकलं. समोरून आला की तो रस्ता ओलांडायचा. शरमेपोटी आपणही पूर्वी असंच तोंड चुकवत होतो, हे परशुरामला ओळखू यायचं.

जिजाबाईने मांदेली तळली. हृतिकने दोन खाल्ल्या. तिसरी ताटात ठेवली, पण ताट सरकवलं नाही.

दोन महिन्यांनी पुन्हा जायचं होतं. परशुराम गाडीची किल्ली हातात घेऊन बराच वेळ उभा राहिला आणि शेवटी रिक्षाच बोलावली. इतकं धैर्य एकदम येत नसतं. रिक्षा नाक्यावर वळताना थांबली, तर पुढ्यात बबन, आत वाकून बघत.

"काय शेठ, कुठं दोघं?"

परशुरामने समोर पाहिलं. कावीळ, दात, मूळव्याध, सगळे आजार जिभेवर रांग लावून उभे होते. कान तापले. सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट पुन्हा सांगायला इतकी जड का जावी, हे त्याला कळेना.

"मनाच्या डॉक्टरकडं," तो म्हणाला. दोन्ही शब्द रिक्षाच्या इंजिनात गेले.

"आं?" बबनने कानामागे हात धरला.

"मोठ्यानं बोला ना, बाबा," हृतिक बाहेर बघत म्हणाला. "त्यांना ऐकू नाही आलं."

परशुरामने घसा खाकरला आणि पुन्हा सांगितलं.